अक्षता आणि डावा पंख

पायलट जन्मावा लागतो, तो घडवता येत नाही, असे मुदार्तांचे ठाम मत होते. क्रांबितान गावच्या चौकात त्यांनी ते इतक्या वेळा मांडले होते, की आता टोपल्यांखालचे झुंजीचे कोंबडेसुद्धा ते ऐकून मान फिरवीत. यातला जन्मण्याचा भाग मुदार्तांनी बासष्ट वर्षांपूर्वी व्यवस्थित पार पाडला होता. पुढचे तेवढे राहून गेले.

एकतीस वर्षे त्यांनी बालीच्या विमानतळावर विमाने मागे ढकलली. ट्रॅक्टर विमानाच्या नाकाला जोडायचा, विमान मागे रेटायचे, दांडा सोडवून बाजूला व्हायचे आणि हात वर करायचा. वरच्या काचेतून पायलटही हात हलवी, पण त्या वेळी तो पाहत असे भलतीकडेच. मुदार्ता रोज हात वर करीत, विमान पुढे जाई, आणि ते पुढचे विमान मागे ढकलायला जात.

निवृत्त झाल्यावर त्यांनी संगणक घेतला, त्यात विमान उडवायचा सिम्युलेटर घातला आणि समोर एक जॉयस्टिक बसवली. या प्रकाराला खेळ म्हटलेले त्यांना खपत नसे. देशभरातल्या अशाच आकाशवेड्यांची एक मंडळी होती. ती घरबसल्या वेळापत्रकाबरहुकूम विमाने उडवी आणि उशीर झाला तर माफीही मागे. मुदार्ता तिथे सहवैमानिक होते. कॅप्टन व्हायचे तर परीक्षा द्यावी लागे आणि तिला संधी तीन. तिसरी हुकली की जन्मभर सहवैमानिक.

पहिल्या परीक्षेत त्यांनी सवयीने विमान मागे ढकलले ते ढकलतच राहिले आणि शेपटीकडून गोदामात घुसवले. दुसऱ्या परीक्षेत सगळे उत्तम झाले, फक्त उतरताना चाके बाहेर काढायची राहिली. तिसरी परीक्षा आज शनिवारी दुपारी चार वाजता होती आणि आजच तुम्पेक लांदेप होता, म्हणजे घरातल्या लोखंडाचा सण.

सकाळी मुदार्तांची बायको रास्मिनी हिने स्कूटर, कोयते, पंखा, फ्रिज आणि पाण्याचा पंप यांची पूजा केली. मग ती संगणकाकडे वळली. जॉयस्टिकच्या गळ्यात तिने नारळाच्या झावळीचे फूल बांधले, तीर्थ शिंपडले आणि ओल्या अक्षता भरघोस टाकल्या.

"थोड्या टाक की," मुदार्ता म्हणाले.

"आज परीक्षा आहे ना, ब्ली? मग थोड्याने काय होतंय?"

ब्ली म्हणजे दादा. नवऱ्याला ती लग्नापासून दादाच म्हणत आली होती, आणि दादाचे ऐकायचे नाही हेही तेव्हापासूनच ठरलेले होते.

बारा वाजता मुदार्ता सरावाला बसले. परीक्षा नव्या विमानावर होती. दोन पंख्यांचे हे जुने विमान मंडळीतल्याच कुणी हौसेने बनवून सगळ्यांना वाटले होते. मुदार्तांनी ते संगणकावर उतरवून घेतले आणि सुरू केले. विमान बाहेरून देखणे, आत मात्र सगळा अंधार. उंचीचा काटा नाही, वेगाचा काटा नाही, घड्याळे असायची तिथे काळी भोके. त्यांनी विमान काढले, परत घातले. उठले, पाणी प्यायले, परत बसले. भोके होती तिथेच होती.

शेवटी त्यांनी सुमात्रातल्या मेदान शहरी परीक्षकांना फोन लावला. हुताबारात नावाचे हे गृहस्थ शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते आणि अजूनही सगळ्या जगाशी शेवटच्या बाकावरच्या मुलांशी बोलावे तसे बोलत.

"फोल्डरच्या आत त्याच नावाचं आणखी एक फोल्डर आहे का?"

"आहे."

"मग आतलं बाहेर काढा. खोक्यासकट लाडू खाल्ला तर दात पडणारच. आणि चार म्हणजे चार हं, मुदार्ता."

काटे दिसू लागले. मुदार्तांनी सुस्कारा सोडला, इंजिने चालू केली, विमान धावपट्टीवरून उचलले, आणि ते डावीकडे कलले. त्यांनी दांडी उजवीकडे ओढली, विमान सरळ झाले. दांडी जरा सैल सोडली की पुन्हा डावीकडे, एखाद्या ओळखीच्या घरी निघाल्यासारखे. दुसऱ्या खेपेला ते समुद्रात गेले. तिसऱ्या खेपेलाही समुद्रातच, फक्त जरा अलीकडे.

एक वाजला. मुदार्तांनी जॉयस्टिकची वायर या भोकातून काढून त्या भोकात घातली. संगणक बंद करून चालू केला. दांडी किती हलल्यावर विमानाला कळावे हे ठरवणारी पट्टी त्यांनी कमी केली, मग वाढवली, मग इतकी वाढवली की विमानाला काहीच कळेनासे झाले आणि ते सरळ डोंगरावर आदळले. निदान डावीकडे तरी गेले नाही. रास्मिनीने भात वाढला, तो तसाच राहिला. ते अंगणात गेले, आत आले, पुन्हा अंगणात गेले. कमरेच्या सारोंगची गाठ सोडून पुन्हा बांधली. दोन्हींत फरक काहीच नव्हता.

अडीच वाजता त्यांनी पुन्हा मेदानला फोन केला. "विमान बनवणाऱ्यानंच काहीतरी घोळ केलाय. पुढच्या शनिवारी घेऊ या का?"

"त्याच विमानावर काल तिघं पास झाले. तुमचं दुसरं विमान उडवून पाहिलंत का?"

मुदार्तांनी पाहिले. दुसरेही डावीकडेच गेले.

"मग दोष दांडीत आहे," हुताबारात म्हणाले. "उघडून बघा. चार वाजता आला नाहीत तर गैरहजर. गैरहजर म्हणजे नापास."

दांडी उघडायची तर स्क्रूड्रायव्हर हवा. तो अवजारांच्या पेटीत होता, आणि पेटी देव्हाऱ्यापुढे, फुलांखाली.

"हात लावायचा नाही!" रास्मिनी स्वयंपाकघरातून ओरडली. तिला मागूनही दिसे. "पूजा झालेलं हत्यार आज विश्रांती घेतं, वाहनाचं वेगळं. आपल्याकडे असंच आहे."

"अगं, चार स्क्रू आहेत फक्त."

"चारशे असले तरी उद्या."

मुदार्ता शेजारी गेले. तिथला स्क्रूड्रायव्हर विश्रांती घेत होता. पलीकडच्या गॅरेजमध्ये गेले. तिथे तर बावीस स्क्रूड्रायव्हर ओळीने फुले वाहून झोपले होते आणि मालकही त्यांच्या शेजारीच झोपला होता. सव्वातीन झाले. कडक उन्हात, जॉयस्टिक छातीशी धरून, गळ्यातल्या झावळीच्या फुलासकट, भावी कॅप्टन गावभर हिंडत होते.

कोपऱ्यावर गुनारीची बाक्सोची गाडी होती. कोंबडीच्या गोळ्यांचे सूप विकणारा हा जावातला माणूस, मशिदीत जाणारा. त्याच्या स्क्रूड्रायव्हरला आज सुट्टी असायचे काही कारण नव्हते.

"आहे की, पाक मुदार्ता," वडीलधाऱ्यांना लावायचा 'पाक' न विसरता तो म्हणाला. "बर्नर खोलायला ठेवलाय. जरा तेलकट आहे."

"असू दे."

"पण परत हवा हं. मागच्या वेळी पाना नेलात तो आलाच नाही. मी येतोच बरोबर."

म्हणून गुनारी गाडी ढकलत मागोमाग आला. घरासमोर ती लावून तो आत आला आणि स्क्रूड्रायव्हर तारण ठेवला असावा तसा त्याच्याकडे बघत बसला.

मुदार्तांनी जॉयस्टिक उलटी केली. चार स्क्रू निघाले. आत एक स्प्रिंग, स्प्रिंगखाली एक कडे, आणि कडे व स्प्रिंग यांच्यामध्ये, डाव्या बाजूला, फुगून टम्म झालेले तांदळाचे तीन दाणे.

गुनारीने छताकडे पाहिले. परक्या धर्माच्या बाबतीत छताकडे पाहावे एवढे त्याला कळत होते.

दाणे टाकून द्यावेत तर मंतरलेले. बायकोला सांगावे तर आजचा सण, उद्याचा चहा आणि पुढची काही वर्षे धोक्यात. मुदार्तांनी चिमटीने ते अलगद काढले. देवळातल्या अक्षता घ्याव्यात तसा एक कपाळाला लावला, एक गळ्याला, आणि तिसरा गिळला.

"काय निघालं आत?" रास्मिनी दारातच उभी होती.

"काही नाही."

"कपाळाला काय लागलंय?"

मुदार्तांनी खरे सांगितले.

"तीन दाण्यांनी विमान डावीकडे जातं?" ती म्हणाली. "आणि म्हणे हा खेळ नाही!"

चारला दोन मिनिटे असताना शेवटचा स्क्रू बसला. हुताबारात हेडफोनमध्ये खाकरले. विमान मागे ढकलणे बिनचूक झाले, त्या विषयात मुदार्तांचा हात धरणारा देशात कुणी नव्हता. मग धावपट्टी, मग आकाश. विमान सरळ गेले. इतके सरळ, की मुदार्तांना ते खरे वाटेना. दुपारभर त्यांचा हात उजवीकडे ओढायला शिकला होता आणि आता तो ऐकेना. समुद्रावर त्यांनी विमान उजवीकडे झोकले, सावरले, पुन्हा झोकले.

"दारू घेता का?" हुताबारातांनी शांतपणे विचारले.

"नाही सर. तांदूळ."

पलीकडे पेनाची टकटक ऐकू आली. परीक्षकांना हे उत्तर कोणत्या रकान्यात लिहावे ते कळले नसावे.

शेजारचे लोंबोक बेट दिसू लागले, तिथेच उतरायचे होते. मुदार्तांनी चाके काढली. काढली आहेत का ते पाहिले. पुन्हा पाहिले. गुनारीलाही पाहायला लावले. धावपट्टी वर येत गेली, मोठी होत गेली, विमान उजवीकडे सरकले, मुदार्तांनी ओठ चावला, आणि खडखडाट करीत ते टेकले. दोन चाके धावपट्टीवर, एक गवतात. हळूहळू तेही मुकाट्याने वर आले.

हेडफोनमध्ये बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला.

"नियमात लिहिलंय, चाकं जमिनीवर टेकली पाहिजेत," हुताबारात अखेर म्हणाले. "गवत ही जमीनच. नाइलाज आहे. अभिनंदन, कॅप्टन मुदार्ता."

गुनारीने टाळ्या वाजवल्या आणि त्याच हाताने स्क्रूड्रायव्हर उचलून तो बाहेर गेला, कारण गाडीपाशी गिऱ्हाईक आले होते.

मुदार्ता एकटेच उरले. त्यांनी विमान तळावर नेऊन उभे केले. पडद्यावर, विमानाच्या नाकासमोर, नारिंगी जाकिटातला एक चिमुकला माणूस हात वर करून उभा होता. मुदार्तांनी मागे वळून दाराकडे पाहिले. कुणी नव्हते. मग ते खुर्चीत ताठ बसले आणि थेट त्या माणसाकडे बघत, सावकाश, त्यांनी हात वर केला.

"ब्ली!" फाटकातून हाक आली. रास्मिनी हातात नैवेद्याची टोपली घेऊन देवळात निघाली होती. "गुनारीनं गाडी आडवी लावलीय. माझी स्कूटर जरा मागे ढकलून द्या ना."