बोंबील अनहूक कसा करावा

आमच्या तारोडीच्या किनाऱ्यावरचा वारा माणूस उचलून नेतो, हे भाईंदरच्या लोकांना सांगून पटत नाही. धाकूला विचारा.

धाकूचा जावई साईराज भाईंदर पश्चिमेला इंग्रजीचे क्लास घेतो. एका रविवारी सासुरवाडीला आला आणि छाप पाडायला स्वतःच बोंबील वाळत घालू लागला. आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. ह्या पठ्ठ्यानं एकाची शेपटी दुसऱ्याच्या जबड्यात देत अख्खी माळ ओवली.

"जावईबापू, बोंबील वाळवताय का दाराला तोरण लावताय?" सासू चंपा पोट धरून हसली. पण जावयानं केलेलं काम त्याच्या डोळ्यांदेखत उसकटायचं कसं? राहू दिलं तसंच.

पुढच्या रविवारी लेक-जावई पुन्हा आलेले; माळ काढायला धाकू वाकला आणि समुद्रावरून वावटळ उठली. माळ पतंगासारखी वर गेली. जाता जाता शेवटच्या बोंबलानं मागून धाकूच्या टी-शर्टचा गळा धरला. बोंबलाचे दात आत वळलेले, जितकं ओढाल तितके रुततात. धाकूचे पाय सुटले, गळ्याला फास बसला.

चंपानं झेप घेऊन त्याचे पाय धरले. तीही उचलली गेली. लेक मिनलनं आईची कंबर पकडली. तिचे अंगठेच काय ते वाळूला टेकलेले, आणि तेही पाण्याकडं सरकत होते.

"बाबा, अनहूक करा! अनहूक!" साईराज ओरडला.

"त्ये काय... हाय?"

"अडकवलेली वस्तू न तोडता सोडवणं! पडदा आपण अनहूक करतो. गाडीचा डबा अनहूक... नाही, त्याला अनकपल म्हणतात..."

"अहो, माझा बाप निळा पडलाय!" मिनल किंचाळली. "इथं फळा नाहीये!"

धाकू दोन्ही हातांनी गळा ओढत होता. फास आवळतच होता. डोळे पांढरे व्हायला लागले.

साईराज रडायलाच लागला. "ओढू नका, बाबा! ओढून तुटतं, सुटत नाही. अडकलं त्याच वाटेनं मागं न्यायचं. बोंबील मानेवर दाबा, मग वर करा!"

धाकूचा एक हात लुळा पडला. दुसरा कसाबसा मागं गेला. जो जीव घेत होता त्यालाच त्यानं मानेशी दाबून धरलं आणि वर सारलं.

जबडा सुटला. माळ ढगात गेली आणि तिघं वाळूत आदळली. धाकू हलेना. मग कुठं धाकू खोकला.

"आई, सोडा आता त्यांचे पाय," साईराज डोळे पुसत म्हणाला.

"न्हाय."

"वारा पडलाय, आई."

"पडूंदे. तुमचा अनहूक बोंबलाला. मला न्हाय."

तिन्हीसांजेला आम्ही चौघा शेजाऱ्यांनी धाकूला उचलून घरी नेलं, चंपासकट.