फाट्यावरची खंडेनवमी

उड्डाणपूल झाल्यापासून दौंडची बस फाट्यावर थांबत नव्हती. ती पुलावरून निघून जायची आणि खाली उभी असलेली माणसं तिचा आवाज ऐकायची. त्याच सुमारास बापूसाहेबांनी मोटार घेतली. ती रोज त्यांना आणि मुलाला, इंद्रजीतला, घेऊन वरवंडच्या दुकानावर जायची. मुलीचं, स्नेहलचं, कॉलेज दौंडला होतं.

"घरी बसून बी.ए. कर," बापूसाहेब म्हणाले. "तुझ्यासाठी काय दौंडपर्यंत गाडी पळवू?"

"प्रयोगशाळा घरी कशी आणू, आप्पा?"

"मग ऱ्हाऊ दे."

खंडेनवमीला सकाळी मोटार धुऊन अंगणात उभी होती. स्नेहलने पूजेचं ताट केलं, सॅक पाठीला लावली आणि ताट घेऊन मोटारीसमोरून सरळ बाहेर पडली.

पूल चढायच्या आधी गतिरोधक आहे. तिथं भाजीची पाटी घेऊन धुरपदामावशी आणि झेंडूचा हार घेऊन मेहरुनचाची तिची वाट बघत होत्या. दोघी दौंडच्या बाजारात बसायच्या. धुरपदा भाजी विकायची, मेहरुन बांगड्या.

"थांबंल का गं?" मेहरुनने विचारलं.

"आज पूजेचं ताट डावलून जाणारा डायवर अजून जन्मायचाय," धुरपदा म्हणाली.

बस आली. स्नेहलने ताट उंच धरलं. ब्रेक करकरले.

"ताई, इथं थांबा न्हाई!" ड्रायव्हर ओरडला.

"थांबा न्हाई, पण नवमी हाय की! उतर. चपला काढ," धुरपदा म्हणाली.

तो उतरला. स्नेहलने बसला कुंकू लावलं, मेहरुनने हार बांधला. धुरपदाने चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पाटी आत सारली. मागं मोटारींची रांग लागली. त्या रांगेत ताट शोधत निघालेले बापूसाहेबही होते. ते तरातरा पुढं आले.

"बस काढ! रस्ता अडवतो व्हय?"

"नारळ फुटल्याबिगर चाक कसं हलवू, आप्पा?" ड्रायव्हर म्हणाला.

"तुमचं पूजेबिगर हललं वाटतं," मेहरुन म्हणाली.

बापूसाहेबांनी मागं, आपल्या बिनहाराच्या मोटारीकडे पाहिलं.

स्नेहलने नारळ फोडला, एक भकल ड्रायव्हरच्या हातात दिलं आणि ताट वडिलांच्या.

"कुंकू उरलंय, आप्पा. मला उशीर होतोय."

तिघी बसमध्ये चढल्या.

"उद्या काय करणार?" ड्रायव्हरने हसत विचारलं.

"उद्या दसरा. सोनं द्यायला येऊ," स्नेहल म्हणाली.

"आन् परवा?"

"परवा तुम्ही खालच्या रस्त्यानं या. नाहीतर आम्ही आहोतच इथं."

लिंबू चिरडून बस पूल चढली. मागच्या मोटारी आता, हातात ताट घेऊन रस्त्यात उभ्या असलेल्या बापूसाहेबांना हॉर्न देऊ लागल्या.