सहा नंबरची जागा

मी एक जुना फळा आहे. पण माझ्यावर आजवर कुणी खडू चालवलेला नाही. माझा जन्म कपाटाचे दार म्हणून झाला. कपाट मोडीत निघाले, दार मात्र मास्तरांनी ठेवून घेतले. मास्तर दिवसा यंत्रांच्या कारखान्यात लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी मुलींना फुटबॉल शिकवायचे. त्यांनी माझ्यावर पत्रा ठोकला, त्याला हिरवा रंग दिला आणि पट्टी धरून मैदानाच्या पांढऱ्या रेषा ओढल्या. मग बावीस गोल चकत्या कापून प्रत्येकीच्या पाठीला चुंबक चिकटवले. अकरा लाल, अकरा निळ्या. त्यांवर आकडे घातले ते काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, पांढऱ्या नेलपॉलिशने. मी स्वयंपाकघराच्या टेबलावर वाळत पडलो होतो तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "फळा छान झालाय हो, पण आता माझ्या साड्या कशात ठेवायच्या तेवढं सांगा!"

मित्रांनो, अशा हसत्या घरातून मी मैदानावर गेलो. तिथे कपडे बदलायच्या खोलीत दारामागच्या खिळ्यावर मला जागा मिळाली. एक लांब बाकडे, भिंतीला लोखंडी खुंट्या, कोपऱ्यात पाण्याचे पिंप आणि ओल्या मोज्यांचा वास. सामन्याआधी सगळ्या मुली माझ्यासमोर दाटीवाटीने बसत. मास्तर चकत्या सरकवत, मुली माना डोलावत. मधली फळी, बचावफळी, आघाडीची फळी, या सगळ्या फळ्या अंगावर वागवणारा मी एकटा फळा! मला त्याचा भारी अभिमान होता.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी इतकी बारीक की मैदानावरच्या पोरींनी पहिल्याच दिवशी तिचे नाव टाचणी ठेवून टाकले.

"मास्तर, हिला जरा पळायला लावा हो," आई म्हणाली. "घरात नुसती बघत बसते. मी मशीनवर बसले की ही माझ्या पायांकडे बघत बसणार. अशानं अंगाला काय लागणार?"

मास्तरांनी तिला पळायला लावले. अंगाने हलकी म्हणून डाव्या कडेला उभी केली. पण टाचणी मध्येच थांबायची आणि मान वळवून मैदानभर पाहत राहायची. "झोपली का गं?" असे बाकीच्या ओरडायच्या. पहिला महिना तिचा असाच टोमणे खाण्यात गेला.

मग एका सामन्यात आमच्यावर गोल झाला आणि सगळ्या एकमेकींवर खापर फोडू लागल्या. खोलीत नुसता कालवा झाला. मास्तर वैतागून म्हणाले, "अरे, गोल झाला तेव्हा कोण कुठं होतं ते कुणी मांडून दाखवेल का मला?"

टाचणी उठली. तिने एकेक चकती उचलून माझ्यावर ठेवली. आपल्या अकरा आणि समोरच्याही अकरा. मधल्या वर्तुळात बुटाची नाडी बांधत बसलेली निळी आठ नंबरसुद्धा तिने सोडली नाही. सगळ्यांना ते पटले.

"एवढं कसं लक्षात राहतं तुझ्या?" मास्तरांनी विचारले.

"लक्षात नाही ठेवत मास्तर. दिसतं."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी डाव्या कडेची टाचणीची चकती काढून घेतली आणि सहा नंबरची लाल चकती तिच्या हातावर ठेवली. बचावाच्या चौघींच्या बरोबर पुढे, मैदानाच्या पोटात, ती सहा नंबरची जागा. तिथे उभी राहणारी खेळाडू गोल फारसे करत नाही. टाळ्याही तिच्या वाट्याला कमीच येतात. पण चेंडू तिच्यापाशी येतो तो गोंधळलेला आणि जातो तो शहाणा होऊन.

"ही तुझी जागा," मास्तर म्हणाले. "मी आहे तोवर इथून तुला कुणी हलवणार नाही."

टाचणीने आईने केलेल्या पोळीइतक्या सहजपणे तो शब्द घेतला. मीही घेतला. फळ्याने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये असे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

पुढची चार वर्षे आमची होती. टाचणी सहा नंबरवर उभी राहिली आणि संघाला जणू पाठीचा कणा मिळाला. ती फार पळायची नाही, आधीच पोहोचलेली असायची. आमची गोलरक्षक अंगाने आडवीतिडवी. तिला सगळ्या भिंत म्हणत. भिंत म्हणायची, "ही पुढं असली की मला गोलात उभ्या उभ्या डुलकी येते." बाहेरचे लोक मैदानाच्या कडेला उभे राहून विचारू लागले, "ती सहा नंबरची कोण हो?" तेव्हा मास्तरांची छाती फुगायची आणि खिळ्यावर माझीही. मास्तर सामना संपला की फडक्याने मला पुसायचे आणि पुटपुटायचे, "पोरगी देशाकडून खेळेल बघ." हे ते टाचणीला नव्हते सांगत. मला सांगत होते.

मग एका मोठ्या क्लबचे साहेब आले. त्यांच्याकडे राहण्याची, शिक्षणाची, खेळाची सगळी सोय होती आणि आमच्याकडच्या एका मुलीला ते घेणार होते. हंगामातल्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या दिवशी ते मास्तरांशी खोलीत बोलत बसले.

"मधल्या फळीत आमच्याकडे गर्दी आहे," साहेब म्हणाले. "आम्हाला पुढं खेळणारी हवी. गोल करणारी. आहे कुणी?" मग जरा थांबून म्हणाले, "आणि मुलींच्या संघाला एक सहायक प्रशिक्षकही हवाय. खेळाडूला ओळखणारा माणूस सोबत आला तर दोघांचंही बरं होईल."

मास्तरांनी बावीस वर्षे लेथवर काढली होती. हाताच्या रेषांत तेल मुरले होते. मला त्यांचा मोह कळतो, त्यांची आशाही कळते. पण ते पुढे जे बोलले ते मला अजून कळलेले नाही.

"आहे ना," मास्तर म्हणाले. "आमची सहा नंबर. खरं तर ती पुढचीच खेळाडू. आमच्याकडे माणसं कमी, म्हणून मागं ठेवली."

सामन्याच्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी नेऊन टेबलावर ठेवले आणि सहा नंबरची चकती उचलून थेट समोरच्या गोलापुढे लावली. काकू चहा घेऊन आल्या. फुटबॉलमधले त्यांना फार कळत नव्हते, पण इतकी वर्षे त्या मला पाहत होत्या.

"अहो, तिची जागा ती नाही."

"मला कळत नाही का?" मास्तर एकदम खेकसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "एका सामन्यापुरतं आहे. एकदा निवड झाली की सांगेन मी त्यांना सगळं."

काकू कप ठेवून निघून गेल्या. त्या दिवशी मला तोंड असते तर! ते खोटे माझ्याच अंगावर मांडले गेले होते.

दुपारी मुलींनी ती मांडणी पाहिली आणि सगळ्यांच्या माना टाचणीकडे वळल्या.

"मास्तर, पुढून मला मागचं दिसत नाही," ती म्हणाली.

"दिसायला कशाला हवं? आज नुसतं पळायचं आणि मारायचं. माझ्यावर विश्वास आहे ना?"

"आहे," टाचणी म्हणाली.

तिने दोन गोल केले. डोक्याने खेळणारी मुलगी ती, कुठेही उभी केली असती तरी एका दिवसापुरते काहीतरी करून दाखवलेच असते. पण आमच्यावर तीन गोल झाले आणि चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही घरच्या मैदानावर हरलो. भिंत खोलीत आली ती हातमोजे बाकड्यावर आपटतच. "मास्तर, आज माझ्यापुढं कुणीच नव्हतं," ती म्हणाली. मास्तर ऐकायला तिथे नव्हतेच. ते बाहेर साहेबांशी हात मिळवत होते.

महिनाभरात टाचणी गेली आणि मास्तरही गेले. मला न्यायचे त्यांना सुचले नाही. तिकडे म्हणे भिंतीएवढा पडदा होता, बोट लावले की खेळाडू सरकायचे. मी पिंपामागे उभा राहिलो. माझ्यावर कुणी सायकल टेकवली, कुणी मोजे वाळत घातले. चकत्या एका डब्यात गेल्या, त्यातल्या पाच हरवल्या. पण त्याचे मला तितकेसे वाटत नव्हते, कारण मी मनात धरून होतो की मास्तरांनी एव्हाना साहेबांना सगळे सांगितले असेल आणि टाचणी आपल्या जागेवर खेळत असेल.

दोन वर्षांनी टाचणी परत आली. बाकड्यावर बसून ती आमच्या गोलरक्षक भिंतीला सांगत होती आणि पिंपामागून मी ऐकत होतो. तिकडे तिला पुढेच खेळवले. पाठीशी दांडग्या बचावपटू, तोंड भलतीकडे, सगळा खेळ पाठीमागे चाललेला. दोन वर्षांत चार गोल. शेवटी तिला एका खोलीत बोलावले. टेबलापलीकडे मुख्य प्रशिक्षक, साहेब आणि मास्तर बसले होते.

"मुख्य प्रशिक्षक बाई चांगल्या होत्या गं," टाचणी म्हणाली. "त्यांनी मास्तरांना विचारलं, 'तुम्ही हिला लहानपणापासून ओळखता. हिची दुसरी कुठली जागा आहे का? असेल तर अजून एक वर्ष ठेवू आपण.'"

"मग?"

"मास्तर कागदाकडे बघत म्हणाले, नाही. ही पुढंच खेळते."

भिंत उभीच राहिली. "आणि तू? तुला तोंड नव्हतं?"

"मला वाटलं, ते बोलतील," टाचणी म्हणाली. "ते नाही म्हणाले, आणि मग मला वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला जास्त कळत असेल. आपलंच काहीतरी चुकलं असेल."

मित्रांनो, ज्याच्या मांडीवर विश्वासाने मान ठेवावी त्यानेच केसाने गळा कापावा, अशी एक म्हण आहे. ती ऐकली होती; तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

टाचणी आता आईबरोबर कपड्यांच्या कारखान्यात जाऊ लागली. रविवारी मात्र ती मैदानावर यायची. अशाच एका रविवारी फाटकाशी गाडी थांबली आणि मास्तर उतरले. अंगावर क्लबचा कोट होता. क्लबवर कुणीतरी पुस्तक काढत होते. त्यात त्यांची मुलाखत येणार होती आणि फोटोसाठी त्यांना मी हवा होतो. टाचणीनेच मला पिंपामागून ओढून बाहेर काढले.

"कशी आहेस?" मास्तरांनी विचारले.

"बरी आहे."

"आई?"

"तीही बरी आहे." टाचणी ओल्या फडक्याने माझ्यावरचा चिखल पुसत होती. पुसता पुसताच तिने विचारले, "मास्तर, त्या दिवशी त्या बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही का म्हणालात?"

मास्तर म्हणाले, "हो म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग दोन वर्षं गप्प का बसलात. माझं तिथं राहणं अवघड झालं असतं, पोरी."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं."

टाचणीचा हात थांबला. "मला वाटत होतं, तुमचा अंदाज चुकला असेल," ती हळूच म्हणाली. "अंदाज कुणाचाही चुकतो. इतके दिवस मी तेवढंच धरून होते."

तिने फडके पिळून दोरीवर टाकले. मला चकत्यांच्या डब्यासकट जुन्या चादरीत गुंडाळले, कोपऱ्यांना गाठी मारल्या, गाडीपर्यंत उचलून नेले आणि दार उघडून मागच्या बैठकीवर आडवे ठेवले. मास्तर म्हणाले, "ये एकदा तिकडे, घरी." ती "बघू" म्हणाली आणि मैदानाकडे चालू लागली. खेळ सुरू झाला होता. कुणीतरी ओरडून तिला विचारले, कुठे उभी राहतेस? तिने उत्तर दिले नाही. ती सरळ चौघींच्या पुढे जाऊन उभी राहिली. गाडी वळेपर्यंत तेवढे मला दिसले.

आता मी क्लबच्या दालनात काचेआड आहे. हरवलेल्या पाच चकत्या नव्या करून घेतल्या आहेत आणि हलू नयेत म्हणून सगळ्याच गोंदाने घट्ट चिकटवल्या आहेत. खाली पाटी आहे: याच फळ्यावर मास्तरांनी गुणी खेळाडू घडवले. पाहुणे वाचतात आणि मान डोलावतात. रोज सकाळी एक बाई माझी काच पुसते. माझ्यावर धुळीचा कण नाही, अंगावर ओरखडा नाही.

म्हणून मित्रांनो, इतर जुन्या वस्तू सांगतात तसे मी तुम्हाला "माझी काळजी घ्या" असे सांगणार नाही. माझी काळजी फार चांगली घेतली जाते. माझे मागणे निराळे आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, टेबलाच्या त्या बाजूला बसाल, आणि समोर उभ्या असलेल्या कुणा मुलीबद्दल तुम्हाला एक खरी गोष्ट माहीत असेल. तिला वाटत असेल, हे बोलतील. तेव्हा कागदाकडे पाहू नका. तिच्याकडे पाहा आणि बोला.