कोंबड्यांना कोंडवाडा नाही

साळूबाईच्या डोक्यावर डालगं होतं, आणि डालग्यात पाय बांधलेल्या सात कोंबड्या. त्या तिच्या नव्हत्या, शेजारच्या हैबतरावाच्या होत्या. पौडच्या रस्त्याला भेटेल तो विचारायचा, "साळूबाई, बाजार हाय का आज?" ती म्हणायची, "बाजार न्हाई, कोंडवाडा." ऐकणारा फिदीफिदी हसायचा. हसू दे मेल्याला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तिचं जळत होतं भाताच्या रोपावरून. घरात होतं नव्हतं ते आंबेमोहराचं बी तिनं एका वाफ्यात पेरलं होतं. ते उगवलं, दोन बोटं वर आलं, आणि हैबतरावाच्या कोंबड्यांनी उकरायला घेतलं. चार दिवसांत निम्मा वाफा साफ. उरलेला गेला असता तर लावणीला खाचरात नुसता चिखल, आणि पुढं वर्षभर खायचं काय? हैबतरावाला काय त्याचं! त्याच्या स्वतःच्या वाफ्याला छातीइतकं काटेरी कुंपण, वर कवाड.

तीनदा ती त्याच्या दारात जाऊन आली. तिन्ही वेळा तो खाटेवरून न उठता म्हणाला, "पाखराची जात ती. तिला काय दावं बांदू व्हय?"

आणि हाच हैबतराव! मागच्या साली साळूबाईच्या शेळीनं त्याच्या वालाच्या वेलाला नुसतं तोंड लावलं, तर हा गडी तिला ओढत पौडच्या कोंडवाड्यात घालून आला होता. दंड भरून शेळी सोडवताना साळूबाईच्या नाकीनऊ आले होते. म्हणून आज तिनं ठरवलं, शेळीला जो न्याय तोच कोंबडीला.

कोंडवाड्यावर जयसिंग नावाचा कारकून होता. मागच्या साली पावती फाडणारा हाच. आत एक म्हातारी म्हैस तेवढी रवंथ करत उभी होती.

"मावशी, कोंबड्या घेत न्हाई आमी," तो म्हणाला.

"का? जागा तर लई दिसतीया."

जयसिंगनं फळीवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढलं, धूळ झटकली. "कायद्यात 'कॅटल' असा शब्द हाय. कॅटल असंल तरच कोंडायचं."

"क्याटल म्हंजी काय रं?"

"एरवी गुरंढोरं. पर कायद्याचा अर्थ निराळा असतोय. त्यांनी यादीच दिलीया." तो बोट ठेवून वाचू लागला. "हत्ती, उंट, म्हशी, घोडे, शिंगरं, खेचरं, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या, करडं. झालं."

"हत्ती?"

"व्हय. पयलाच."

साळूबाईनं डालगं धाडकन खाली ठेवलं. आतल्या कोंबड्या कलकलल्या. "आरं, मुळशीत कुणाच्या वाफ्यात हत्ती शिरलाय आजपातुर? आन् माज्या वाफ्यात रोज शिरत्यात त्यांचं नाव न्हाई? हे लिवणाऱ्यानं कदी भात पेरलं व्हतं का?"

"साहेबाच्या राज्यातला कायदा हाय मावशी. मला काय इचारतीस?"

"मंग माजी शेळी क्याटल कशी? आन् ह्या न्हाईत कशा?"

"शेळी यादीत हाय. कोंबडी न्हाई." जयसिंगनं पुस्तक मिटलं आणि आवाज उतरवला. "दुसरं सांगतो, ऐक. कॅटल नसली तरी कोंबडी म्हंजी मालमत्ता हाय. हैबतरावानं पोलिसात सांगितलं, तर चोरी तुज्याच अंगावर यील. आल्या पावली जा आन् त्याच्या हद्दीत सोडून दे. मंग तुज्याकडं कोण बोट दावणार न्हाई."

साळूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. चोर सोडून संन्याशाला सुळी! रोप तिचं गेलं, चपला तिच्या झिजल्या, ओझं तिच्या डोक्यावर, आणि चोरही तीच. उन्हात ती परत निघाली. डालग्यातली एक कोंबडी वाटभर तिच्या टाळूवर पाय झाडत होती. अर्ध्या वाटेपर्यंत साळूबाईनं हैबतरावाला, जयसिंगला आणि त्या यादीवाल्या साहेबाला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या संपल्यावर ती भराभर चालू लागली.

गावात शिरल्यावर ती हैबतरावाच्या दारात गेलीच नाही. सरळ त्याच्या वाफ्यावर गेली, कवाड उघडलं, एकेका कोंबडीचे पाय सोडले आणि सातही आत लोटल्या. दिवसभराच्या उपाशी त्या, तुटून पडल्या. साळूबाईनं कवाड लावलं आणि त्याला पाठ टेकून फतकल मारली.

कलकलाट ऐकून हैबतराव धोतर सावरत धावत आला. "सटवे, डोकं फिरलं का तुजं? कवाड सोड! रोप गेलं माजं!"

"पौडच्या कारकुनानं सांगितलं, हैबतरावाच्या हद्दीत सोड. सोडल्या."

तो कुंपणाभोवती दोन फेऱ्या मारून आला. काट्यांवरून उडी घ्यायचं वय राहिलं नव्हतं, आणि बाईमाणसाला हात धरून उठवावं तर गाव गोळा झालेला. तो हात जोडायच्या बेताला आला.

"साळूबाई, उठ की गं! काय पायजे तुला?"

साळूबाईनं मान वळवून कवाडाच्या फटीतून आत पाहिलं. पार कोपऱ्यापासून उकरत आल्या होत्या. तिनं पाठ कवाडाला आणखी घट्ट टेकवली.

"थांबा जरा," ती म्हणाली. "माजं निम्मं गेलंय. तुमचंबी निम्मं जाऊ द्या, मंग उठते."