पूर्वेकडची गॅलरी

गॅलरी एका कोपऱ्यात खचतेय हे दमयंतीला कळलं, तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते आणि गॅलरीत अडीच हजार माणसं बसली होती.

सन शहाऐंशीतली गोष्ट. दमयंती लासूरकर तेव्हा औरंगाबादच्या एका क्रीडा मंडळाच्या मैदानाची व्यवस्थापक होती. वय अडतीस. त्या खुर्चीत बसलेली पहिलीच बाई. मुलींच्या राज्य कबड्डी स्पर्धा पहिल्यांदाच शहरात भरल्या होत्या आणि त्या दिवशी फायनल होती.

मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब. गंगापूरकडचे बागायतदार, साठीचे, आवाज खणखणीत. हे मैदान म्हणजे पूर्वी बाभळी माजलेलं माळरान होतं. बारा वर्षं मुंबईच्या खेपा घालून त्यांनी ते मिळवलं होतं, त्यामुळे मैदानावर त्यांचाच शब्द चाले. लाकडी गॅलरी पूर्वेला उभारायची, असं त्यांनी बैठकीत सांगितलं. मंत्र्यांचा मंडप पश्चिमेला होता, आणि मंत्र्यांना समोर गच्च भरलेली गर्दी दिसायला हवी होती.

"तो कोपरा सखल आहे, नानासाहेब," दमयंती म्हणाली होती. "गॅलरी उत्तरेला घेऊ."

"मॅडम, खेळाचं तुम्ही बघा. माणसांचं मी बघतो."

सगळे हसले. गॅलरी सुरक्षित असल्याच्या कागदावर दमयंतीनं सही केली. नोकरीला दीडच वर्ष झालं होतं. वाद घालायची तिला भीती वाटली.

आता तिसऱ्या क्रमांकासाठीची मॅच चालू होती, आणि मैदानाचा जुना राखणदार कडूबा तिला हाताला धरून गॅलरीखाली घेऊन आला होता. बाईमाणसाच्या हाताला त्यानं आजवर कधी स्पर्श केला नव्हता. तेवढ्यावरूनच काहीतरी बिघडलंय हे तिनं ओळखलं.

"हे बघा, बाई." त्यानं गॅलरी पेलणारी कोपऱ्यातली लाकडी बल्ली दाखवली. "हिच्याखाली चार इटा ठिवल्या व्हत्या. हायेत का कुठं?"

विटा नव्हत्या. बल्ली सरळ चिखलात उतरली होती. धूळ बसावी म्हणून दोन दिवस टँकरनं मैदानावर पाणी मारलं होतं, ते सगळं या कोपऱ्यात मुरलं होतं.

"हितं हीर व्हती. निजामाच्या वक्ताची. माझ्या बापानं बुजवली, मी पाह्यलंय."

"मग बोलला का नाही?"

"मला कोन इचारतंय, बाई?"

त्यानं मैदान आखायची चुन्याची फक्की घेऊन बल्लीला जमिनीलगत एक पांढरी रेघ मारली. तेवढ्यात मैदानात कुणाची तरी पकड झाली आणि डोक्यावरची माणसं उठून नाचली. फळ्यांच्या फटींतून चपला, अनवाणी टाचा, साड्यांचे काठ दिसत होते. धूळ दमयंतीच्या डोळ्यांत पडली. डोळे पुसून तिनं पाहिलं, तर पांढरी रेघ अर्धी चिखलात गेली होती.

वरच्या कोपऱ्यात बायकांची बैठक होती. उतरायला लाकडी जिने दोनच. गॅलरी पडतेय असं कुणी ओरडलं, तर अडीच हजार माणसं त्या दोन जिन्यांवर धावणार होती, आणि त्या धावण्यानंच ती पडणार होती.

"कुणाला बोलू नका," ती कडूबाला म्हणाली. "मॅच तेवढी थांबवा. पंचांना म्हणावं पाण्याची सुट्टी घ्या, आणि मी सांगेपर्यंत शिट्टी वाजवू नका."

मंडपापर्यंतची शंभर पावलं तिनं पळत जायचं टाळलं. पळणारी व्यवस्थापक अडीच हजार लोकांना दिसली असती. ती हळू चालली, आणि पाठीमागे लाकूड मोडल्याचा आवाज येतो का, याकडे तिचा सगळा जीव लागला होता.

नानासाहेब हार मोजून ठेवून घेत होते. "मंत्री वाळूजला पोचले, मॅडम. आता येतीलच."

"नानासाहेब, माझ्याबरोबर चला. हसत चला."

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता उठले. गॅलरीखाली वाकून त्यांनी बल्लीवर हात ठेवला. बल्ली त्यांच्या तळव्याखाली हलली. त्यांनी हात असा झटकन मागे घेतला की जणू चटका बसला. पांढरी रेघ आता कुठंच दिसत नव्हती.

"सांगितलं तर पळतील," ते पुटपुटले.

"हो."

"नाय सांगितलं तर?"

नानासाहेबांच्या कपाळावर घाम आला होता. एवढा मोठा माणूस घाबरलेला तिनं कधी पाहिला नव्हता, आणि त्यामुळे तिची भीती दुप्पट झाली.

"खालच्या ओळीपासून उतरवा," ते शेवटी म्हणाले. "मी वर जाऊन बसतो. अध्यक्षच वर बसलाय म्हणल्यावर कुणाला शंका येणार नाय."

"तुम्ही नका जाऊ."

"मग कोण जाईल? तुम्ही माइकवर थांबा. आवाज कापता कामा नये, मॅडम."

ते जिना चढू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटच्या ओळीत, त्याच कोपऱ्यात, बायकांनी सरकून त्यांना जागा दिली.

दमयंतीनं माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"प्रेक्षकहो," ती म्हणाली, "फायनलआधी खेळाडूंची ओळख मैदानाच्या कडेनं होणार आहे. एकेक ओळ शांतपणे खाली या. सर्वांत खालची ओळ आधी. आपले अध्यक्ष वर बसून बघतायत, कोणती ओळ शिस्तीत उतरते."

लोक हसले. पहिली ओळ उतरली. मग दुसरी. मग तिसरी. एका जिन्यावर ढकलाढकली झाली, एक म्हातारा पडला. पण "सावकाश, सावकाश, वेळ भरपूर आहे," एवढंच ती म्हणाली. वेळ किती आहे हे तिला कुठं माहीत होतं? कडूबा कोपऱ्याशी उभा होता आणि पाचही बोटं खाली दाबून खूण करत होता. अजून जातेय. अजून जातेय.

वीस मिनिटं गेली. गॅलरी रिकामी झाली, पण कोपऱ्यात दोन माणसं उरली. नानासाहेब आणि हिरव्या लुगड्यातली एक बाई.

ती साळूबाई. कन्नडहून पहाटेच्या एसटीनं आली होती. तिची लेक फायनलमध्ये चढाईला जाणार होती, आणि सकाळी आठपासून धरलेली जागा सोडायला ती तयार नव्हती. खालून काहीच ऐकू येत नव्हतं. साळूबाई मान हलवून नाही म्हणत होती एवढं दिसत होतं. मग नानासाहेबांनी हात पुढं केला. बाईनं तो धरला, त्यांना उठवलं, आणि दोघं एकेक पायरी उतरू लागले.

ते निम्म्यावर आले असतील, तेव्हा कोपरा खाली गेला. आधी आवाजच आला नाही. वरच्या फळ्या नुसत्या कलल्या. मग कडाड करून सगळी बाजू बसली, आणि मैदानाभोवती उभी असलेली अडीच हजार माणसं एकदम गप्प झाली.

दमयंती धावली. आता धावायला हरकत नव्हती. साळूबाई बाहेर फेकली गेली होती. कोपर सोलवटलं होतं, पण ती उठून बसली होती. नानासाहेब फळ्यांखाली होते. कडूबानं आणि दहा-बारा माणसांनी त्यांना ओढून काढलं. उजवा पाय मांडीपासून मोडला होता.

"आणखी कोण खाली हाय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही."

"परत मोजा."

कुणीच नव्हतं.

चौथ्या दिवशी दमयंती दवाखान्यात गेली. चौकशी बसणार होती. ती खाटेजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "मी घाबरून सही केली होती. तसंच लिहून देणार आहे."

"जागा मी ठरवली, हे मी कालच लिहून दिलं," नानासाहेब म्हणाले. "तुम्ही तुमचं लिहा."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "त्या बाईला काय सांगितलंत? ती उठली कशी?"

"लोक समजतात मी युक्ती केली. तिला म्हणालो, आक्का, माझ्यानं उठवत नाय, मला धरून न्या. ते खरंच होतं, मॅडम. बूड टेकलं तेव्हापासून पायातला जीव गेला होता. फळी हलायची, अन् मी देवाचं नावसुद्धा विसरलो. त्या बाईनं हात दिला नसता तर मी तिथंच बसून राहिलो असतो."

दमयंती खाली स्टुलावर बसली.

चौकशीत दोघांवरही ठपका आला. नानासाहेबांनी अध्यक्षपद सोडलं. दमयंतीची नोकरी राहिली. फायनल महिन्याभरानं झाली. लोक सतरंज्यांवर बसले होते आणि मंत्री आले नव्हते. साळूबाईची लेक दोन गुणांनी हरली. साळूबाई एवढी ओरडली की दुसऱ्या दिवशी कन्नडला परतताना तिला कंडक्टरला गावाचं नावही सांगता येईना.