पाहुणी भुंकली तेव्हा

“बाकी कुणाचंही जनावर ओरडलं तर खुशाल मिक्सर लाव. पण माझी पाहुणी भुंकली तर मिक्सर लावायचा नाही. आधी वर यायचं. कळलं?” जिन्याच्या वळणावर धाप टाकत सिस्टरांनी तिला बजावलं होतं.

तिने मान डोलावली होती. लक्ष मात्र सगळं सिस्टरांच्या हातातल्या चाकांच्या पिशवीकडे होतं. पिशवीच्या तोंडावर टॉवेल होता आणि तो टॉवेल हळूहळू हलत होता. तिने कडेवरच्या बाळाचा लोंबता पाय चटकन वर ओढून घेतला.

“चावत नाही गं ती.”

“नाही, तसं नाही,” ती म्हणाली. तसंच होतं.

“आणि भुंकत तर मुळीच नाही. तोंडावर हात ठेवून शिकवलंय मी तिला. म्हणायचे, गप, वॉर्डात पेशंट झोपलेत.”

“मग भुंकली तर वर ये, हे कशाला?”

“म्हणून तर,” असं म्हणून सिस्टर हसल्या आणि पिशवी ओढत वर गेल्या. म्हाताऱ्या माणसांचं काहीतरीच असतं, असं म्हणून तिने दार लावून घेतलं. कडी लागली की नाही, ते मात्र दोनदा पाहिलं.

ती तशीच होती. गॅसचं बटण बंद करून पुन्हा चाचपणारी. बाळ झोपलं की त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास लागतो का बघणारी. नवरा चेष्टा करायचा, “तुला कॉलेजात पदवी दिली ती भीतीतच दिली का?” ती हसायची आणि पुन्हा बोट धरायची.

इमारत सरकारी वसाहतीतली. जिन्याखाली वसाहतीच्या ऑफिसची पाटी होती : घरात जनावर आढळल्यास खोली काढून घेण्यात येईल. त्याच पाटीच्या आडोशाला तळमजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांच्या मांजरीने पिल्लं घातली होती. समोरच्या काकूंकडे पोपट होता आणि वरच्या मजल्यावर सिस्टरांची कुत्री. तिचं नाव पाहुणी, कारण साहेबांनी कधी पकडलंच, तर ‘पाहुणी आहे, उद्या जाणार’ असं सांगायचं ठरलं होतं. ती पाहुणी गेली कित्येक वर्षं उद्या जाणार होती.

ऑफिसची माणसं कधीही यायची. म्हणून इमारतीने आपली एक रीत बसवली होती. जनावराचा आवाज आला, की प्रत्येकाने आपापला आवाज करायचा. काका भिंतीत खिळा ठोकायचे. काकू भांडी आपटायच्या. तिच्या वाट्याला मिक्सर आला होता.

“आपल्याकडे ना कुत्रं ना मांजर. आपण कशाला या भानगडीत?” नवरा विचारायचा.

“एकाची खोली गेली की त्यांना चटक लागेल,” ती म्हणायची. “मग काय, बाळ रडतं म्हणूनही काढतील.”

सिस्टरांचं आयुष्य हॉस्पिटलात गेलं होतं. लग्न नाही, मागे-पुढे कुणी नाही. बाळाला ताप आला की ती त्यांच्याकडेच धावायची, पण पाहुणीला आतल्या खोलीत कोंडल्याशिवाय उंबरठा ओलांडायची नाही. “ओरडणाऱ्या पेशंटची मला कधी भीती वाटली नाही,” बाळाच्या कपाळावर हात ठेवत सिस्टर एकदा म्हणाल्या होत्या. “गप्प पडलेल्याची वाटायची.”

त्या दुपारी बाळाचा नुकताच डोळा लागला होता. खिडकीतून तिला फाटकापाशी ऑफिसची गाडी दिसली, आणि त्याच वेळी वर कुत्रं भुंकलं. हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. पण इमारतीत कुत्रं एकच.

खाली काकांचा हातोडा सुरू झाला. समोर भांडं पडलं. तिने रिकामाच मिक्सर फिरवला. बाळ दचकून उठलं आणि टाहो फोडून रडू लागलं. बरंच झालं, असं तिला वाटलं आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

दारावर थाप पडली. साहेब होते.

“कसला आवाज?”

“मिक्सरचा.”

“त्याच्या आधीचा.”

“बाळ रडतंय ना,” ती म्हणाली. आवाज सरळ आला. मागे मिक्सर चालूच होता.

साहेबांनी बाळाकडे पाहिलं, कानावर हात ठेवून कसनुसं हसले आणि खाली उतरले. तिने मिक्सर बंद केला नाही. गाडी फाटकाबाहेर गेल्याचं दिसेपर्यंत केला नाही.

मग एकेक आवाज थांबत गेला. हातोडा थांबला, भांडी थांबली. वरचं भुंकणं तेवढं थांबलं नव्हतं. आता ते घशातून खरवडून निघत होतं, खोकल्यासारखं.

तिने दार उघडलं, तर काकू हसत उभ्या.

“काय सफाईनं थाप मारलीस गं! भुंकू दे आता तिला, गेले ते.”

“काकू, ती भुंकत नाही.”

“भुंकतेय की.”

“तेच म्हणतेय मी.”

काकूंचं हसू विरलं. सिस्टरांची जादा किल्ली त्यांच्याकडेच असायची. ती किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली आणि बाळाला घेतलं.

कुलपात किल्ली फिरली आणि आतला आवाज एकदम बंद झाला. ती शांतता भुंकण्याहून वाईट होती. दारामागे ते जनावर मोकळं होतं, आणि त्याच्याही मागे काय होतं, ते तिला माहीत करून घ्यायचं नव्हतं. तिने दार ढकललं.

पाहुणी समोरच उभी होती. लहानखुरी, तोंडावरचे केस पिकलेले, एक कान पडलेला. तिने हिच्याकडे पाहिलं, वळली, चार पावलं चालली आणि मागे बघून थांबली. ही येतेय ना, याची खात्री करून पुढे निघाली.

सिस्टर मोरीच्या दाराशी पडल्या होत्या, गाल फरशीवर टेकलेला. तिने गुडघे टेकले आणि त्यांच्या नाकाखाली बोट धरलं. रोज धरायची, तसंच. श्वास लागला.

डोळे अर्धे उघडले. “साहेब गेले?”

“गेले.”

“पाहुणी त्यांना दिसू दिली नाहीस ना?”

“नाही.”

“शहाणी गं माझी,” सिस्टर पुटपुटल्या.

काकांनी त्यांना उचलून खाली नेलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होत्या? काका काकूंकडे बघत राहिले, काकू तिच्याकडे. मिक्सर किती वेळ चालला होता, हे कुणीच सांगितलं नाही.

सिस्टर परत आल्या नाहीत.

ऑफिसने खोलीला कुलूप लावलं, तेव्हा पाहुणी खालच्या मजल्यावर, पाळण्याखाली होती. बाळाच्या आईला अजून कुत्र्याची भीती वाटते. बाळाचा पाय अजूनही ती चटकन वर ओढून घेते. पण झोपण्याआधी गॅसचं बटण चाचपते, बाळाच्या नाकाखाली बोट धरते आणि मग खाली वाकून, हात जरा लांबच ठेवून, पाहुणीच्याही नाकाखाली धरते.

परवा पाहुणी भुंकली. एकदाच. जिन्यात कुणाचा तरी फुगा फुटला होता. हातोडा वाजला नाही, भांडं पडलं नाही. सगळ्या मजल्यांवर दारं उघडली. काका पाटीपाशी आले, काकू कठड्याशी आल्या, आणि सगळ्यांनी मान वर करून कुलूप लावलेल्या दाराकडे पाहिलं. बराच वेळ कुणी आत गेलं नाही.

तुमच्याही वर, नाहीतर शेजारी, कुणी एकटं राहत असेल. आवाजाचा त्रास होतो म्हणून तुम्ही खिडकी लावून घेत असाल, किंवा कधी आवाजच येत नाही म्हणून निश्चिंत असाल. हे वाचून झालं की उठा आणि त्यांचं दार वाजवून या. मिक्सर नंतर लावा.