पेंटरबुवांचा शार्क

किनाऱ्यावरच्या पाटीसाठी जावयाने पाच नियम लिहून दिले होते आणि कोपऱ्यात छोटासा शार्क काढायला सांगितलं होतं. पण पेंटरबुवांच्या हातात ब्रश आला की छोटं काही राहतच नाही! शार्क झाला आठ फुटी, जबडा वासलेला, दात न् दात वेगळा. नियम बिचारे शेपटीखाली अंग चोरून बसले.

तेव्हापासून पाण्यात चिटपाखरू उतरलं नाही.

"बाबा, रविवारपर्यंत असंच राहिलं तर आमची जीवरक्षक चौकी बंद करणार आहेत," जावई रडकुंडीला आला. "तुम्हीच उतरा. लोकांना दिसू दे, नियम पाळले की भीती नाही."

पेंटरबुवांची बोबडीच वळली. आयुष्यात गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरले नव्हते. पण लेकीचा संसार त्या चौकीवर चालत होता; नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

रविवारी भर दुपारी गर्दी जमली. "चकाकणारी वस्तू अंगावर नको, नियम आहे," पेंटरबुवा आशेने म्हणाले. "आणि ही लग्नातली अंगठी तीस वर्षांत निघालेली नाही." बायकोने साबण लावला आणि एका झटक्यात काढली.

"एकट्याने उतरायचं नाही, हाही नियम आहे."

"मी काय मेले आहे?" म्हणत तिने बाह्या सरसावल्या.

कमरेएवढ्या पाण्यात दोघं पोचली आणि पेंटरबुवांच्या पोटरीला काहीतरी गार, गुळगुळीत घासलं. आपणच रंगवलेले दात त्यांच्या डोळ्यांपुढे नाचले. बोंब ठोकावीशी वाटत होती. पण चौथा नियम त्यांच्याच हातचा होता: हातपाय आपटू नका, समुद्राकडे तोंड ठेवून सावकाश मागे या. त्यांनी बायकोला पाठीमागे ओढलं, स्वतः पुढे उभे राहिले आणि एकेक पाऊल मागे टाकत तिला काठाला आणलं.

"काय शांत माणूस आहे!" कुणीतरी म्हणालं. बघता बघता निम्मी गर्दी पाण्यात शिरली. जावई शिट्टी वाजवत धावला.

"अहो, तो माझा पाय होता," बायको हळूच म्हणाली.

"मग तेव्हाच सांगायचं नाही का, बये?"

"सांगितलं असतं तर पुढे उभे राहिला असतात?" तिचे डोळे भरून आले होते.

पेंटरबुवांनी बोट पुढे केलं.

"घाल ती अंगठी परत," ते म्हणाले. "आता जन्मात काढायची नाही."